गुहागर ते आइंडहोव्हन, मार्गे दिवाणखवटी: एका प्रवासाचे प्रकरण

जुलै २०२४ मध्ये गुहागर तालुक्यातल्या एका गावातून साठी ओलांडलेले एक जोडपे लेकीच्या बाळंतपणासाठी नेदरलँड्सला गेले. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. लेक-जावई आइंडहोव्हनला, डॉक्टरांनी दिलेली तारीख २ ऑगस्ट. चिपळुणात मी तिकिटे काढून देण्याचे आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे काम करतो. त्यामुळे पहिल्या कागदापासून शेवटच्या दाव्यापर्यंतचा सगळा कारभार माझ्या टेबलावरून गेला. त्या दोघांना विचारूनच इथे लिहितो आहे. नावे देत नाही. गावात सगळे त्यांना अण्णा आणि काकू म्हणतात, तेवढे पुरे.

परदेशी जायचे म्हटले की आपल्याकडे सगळी काळजी तिकडची. थंडी किती, खायला काय मिळणार, इंग्रजी येत नाही त्याचे काय, विमानात कान दुखतात का. प्रत्यक्षात या प्रवासात जे अडले त्यातले बहुतेक कशेडी घाटाच्या अलीकडेच अडले, आणि उरलेले निस्तरले ते इथे बसून केलेल्या तयारीमुळे. पावसाळ्यात कोकणातून विमान गाठायचे तर सगळ्यात कच्चा टप्पा घर ते पनवेल हा असतो. मोकळे दिवस तिथे ठेवायला हवेत. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक ते तिकडे पोचल्यावरच्या विश्रांतीसाठी ठेवतात.

तांदळाच्या ताटातले नाव

अण्णा निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांच्या फायलीत १९७५ पासूनचा प्रत्येक कागद नंबर घालून लावलेला. त्यांचा पासपोर्ट विनातक्रार आला. घोळ काकूंचा होता.

काकूंच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. लग्नात नुसते आडनाव बदलले नाही, पहिले नावही बदलले. त्या पिढीत आपल्याकडे हे सर्रास व्हायचे. आधार, पॅन, बँकेचे पासबुक सगळे सासरच्या नावाने. म्हणजे कागदावर दोन बाया, आणि त्या एकच आहेत हे सांगणारा कागद एकही नाही. १९८२ चे लग्न, नोंदणी कुठली? काकूंनी ट्रंकेतून लग्नपत्रिका काढून आणली, पण तिच्यावर अर्थातच फक्त माहेरचे नाव छापलेले. नवे नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिले होते. ते ताट पासपोर्टच्या खिडकीवर दाखवता येत नाही.

रस्ता असा काढला. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार गावातला विवाह निबंधक ग्रामसेवकच असतो आणि जुन्या लग्नाची नोंदणीही त्याच्याकडे होते. नमुना ड भरायचा, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी वारलेले, म्हणून त्याबद्दल प्रतिज्ञापत्र. साक्षीदार मात्र अगदी बरे मिळाले. काकूंची जाऊ, शेजारचे आबा आणि लग्नात आचाऱ्याबरोबर भांडून जेवण वेळेवर वाढवणारे एक मामा. बेचाळीस वर्षांपूर्वीचे ते भांडण त्यांनी ग्रामपंचायतीत पुन्हा साग्रसंगीत सांगितले. प्रमाणपत्र हातात आल्यावर नावबदलाची राजपत्रातली प्रसिद्धीही करून घेतली. तिची गरज पडेलच असे नव्हते. पण खिडकीवरच्या माणसाने एक कागद जास्त मागितला तर पुन्हा गुहागर-रत्नागिरी फेरी आणि पुन्हा नवी तारीख, त्यापेक्षा हे स्वस्त.

मधल्या काळात पुतण्याचा डोंबिवलीहून फोन, “तत्काळमध्ये टाका ना, दोन हजार जास्त जातील, काम होईल.” हा समज फार पसरलेला आहे. साध्या पासपोर्टचे १,५०० रुपये, तत्काळचे त्यावर २,०००. त्या दोन हजारांत रांग लहान होते; नसलेला कागद तयार होत नाही. उलट नावात फरक असेल तर तत्काळचा अर्ज तिथेच अडकून पडतो. २०२३ च्या दसऱ्यानंतर सुरुवात केली, रत्नागिरीच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज दिला, पोलीस पडताळणी झाली आणि फेब्रुवारीत काकूंचा पासपोर्ट टपालाने घरी आला. जावयाने जूनमध्ये तिकिटे पाठवून “या” म्हटले असते तर काकू जाऊ शकल्या नसत्या.

जाता जाता एक. कागद जमवायचे तसे जपायचेही असतात. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणातल्या किती घरांत कपाटाच्या खालच्या खणातल्या फायली चिखलात गेल्या, ते सगळ्यांना आठवते. या दोघांचे सगळे मूळ कागद झिपच्या प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर, आणि स्कॅन केलेल्या प्रती लेकीच्या मेलवर.

व्हिसा, पेट्या आणि गणपती

नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, तो शेंगेन व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण चौकशी निघाली तर पंचेचाळीसपर्यंत. म्हणजे जुलैच्या प्रवासासाठी जानेवारी ते जून असा मोकळा काळ. शहरातल्या माणसाला तो मोकळा दिसतो. अण्णांकडे हापूसची कलमे आहेत. एप्रिल-मेमध्ये ते मुंबईला बोटांचे ठसे द्यायला जाणार नाहीत, हे मी विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकले. “पेट्या कोण भरणार? तू?” जूनपर्यंत थांबलो असतो तर उन्हाळी गर्दीतल्या तारखा, आणि नकार आला तर दुसऱ्या अर्जाला वेळ नाही. म्हणून मार्चचा तिसरा आठवडा धरला. फी तेव्हा ८० युरो होती. ११ जून २०२४ पासून ती ९० झाली.

नेदरलँड्सचा एक विशेष कागद असतो. पाहुण्यांच्या राहण्याची आणि खर्चाची हमी यजमान एका ठरलेल्या फॉर्मवर देतो आणि त्यावरची त्याची सही तिथल्या नगरपालिकेकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ही हमी नसेल तर माणशी, दर दिवशी ५५ युरो या हिशेबाने स्वतःकडचे पैसे दाखवायचे. नव्वद दिवसांचे दोघांचे किती होतात ते अण्णांनी पाटीवर मांडावे तसे माझ्या टेबलावरच्या रद्दी कागदावर मांडले आणि पेन खाली ठेवले. जावयाने नगरपालिकेची वेळ घेऊन फॉर्म सही-शिक्क्यानिशी कुरियरने पाठवला. सोबत वैद्यकीय विमा, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण असलेला. अण्णांचे पेन्शनचे कागद, सातबारा, घरपट्टी हे सगळे जोडले. परत येण्याची कारणे गावात आहेत हे त्यांतून दिसते.

व्हिसा एप्रिलच्या मध्यावर आला. त्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक एकच वाचतात. एक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. दुसरी, त्यात एकूण किती दिवस राहायचे. तारखांची खिडकी लांब असते म्हणून राहायचे दिवस वाढत नाहीत. यांना ९० दिवस मिळाले होते. पोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरतात. १७ जुलैला पोचायचे तर ३१ जुलैपर्यंत पंधरा, ऑगस्टअखेर सेहेचाळीस, सप्टेंबरअखेर शहात्तर, आणि १४ ऑक्टोबर हा नव्वदावा. परतीचे तिकीट ९ ऑक्टोबरचे काढले. विमान रद्द झालेच तर मध्ये चार-पाच दिवस हवेत, आणि १२ ऑक्टोबरला दसरा.

खरा तिढा गणपतीचा. चतुर्थी ७ सप्टेंबरला. कोकणातल्या घरात गणपतीला मालकच नाही, ही गोष्ट व्हिसाच्या कुठल्या फॉर्ममध्ये बसत नाही, पण या प्रवासाच्या नियोजनात सर्वांत जास्त फोन तिच्यावर झाले. शेवटी बोरिवलीच्या चुलतभावाने कुटुंबासह येऊन पाच दिवस करायचे ठरले. तेव्हा रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी उघडायचे, म्हणजे मेच्या सुरुवातीलाच त्यांची तिकिटे काढायला हवी होती. आंब्याच्या धामधुमीत सकाळी आठला मी आधी ती काढली. ती मिळाली नसती तर काकू गेल्या नसत्या, एवढे मला त्यांच्या बोलण्यावरून कळत होते.

एकच तिकीट

पुतण्याने नेटवर स्वस्त जोड शोधली होती. मुंबई ते आखात एका कंपनीचे, तिथून अ‍ॅमस्टरडॅम दुसऱ्या कंपनीचे, वेगवेगळी तिकिटे. दोघांचे मिळून बऱ्यापैकी पैसे वाचत होते. मी नाही म्हटले. वेगळ्या तिकिटांवर पहिले विमान उशिरा पोचले तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. सामान स्वतः उचलून पुन्हा द्यायचे, आणि त्यासाठी मधल्या देशात शिरायला व्हिसा लागतो का तेही बघायचे. एकाच तिकिटावर सगळे असेल तर पुढचे विमान चुकल्यास पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. तिशीतल्या माणसाने हा धोका पत्करावा की नाही ते त्याचे त्याने ठरवावे. आयुष्यात विमानतळ न पाहिलेल्या दोघांसाठी त्यावर चर्चाच नको.

तिकिटावरची नावे पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर घातली, पतीच्या नावासकट. दोघांसाठी मदतनीस मागितला. अण्णांना व्हीलचेअर हा शब्द आवडला नाही. “मी काय पांगळा आहे?” त्यांना सांगितले की खुर्ची पायांसाठी नाही, रस्ता माहीत असलेला माणूस मिळावा म्हणून आहे. मग तयार झाले.

आणि १७ जुलै ही आषाढी एकादशी. दोघांचा उपवास. बहुतेक मोठ्या कंपन्यांत आधी कळवले तर फळांचे ताट मिळते, ते नोंदवले. राजगिऱ्याचे लाडू काकूंनी तरीही घेतलेच.

विमान पहाटेचे होते. इथे दरवर्षी कोणी ना कोणी फसतो. १७ तारखेला पहाटे सुटणारे विमान म्हणजे १६ च्या रात्री विमानतळावर. मी त्यांच्या दिनदर्शिकेवर १६ च्या चौकोनातच लाल पेनाने “रात्री ११ विमानतळ” लिहून दिले.

रविवारची संध्याकाळ

ठरले होते असे: सोमवारी १५ जुलैला चिपळूणहून रेल्वेने निघायचे, रात्री डोंबिवलीला पुतण्याकडे, मंगळवार पूर्ण मोकळा, रात्री विमानतळ. पुतण्याचे म्हणणे मंगळवारी सकाळी निघाले तरी चालेल, उगाच लवकर कशाला, लावणी चालू आहे. लावणी खरेच चालू होती. अण्णा शनिवारपर्यंत शेतात होते आणि खालचे दोन कुणगे, म्हणजे भाताची खाचरे, राहिलेच.

रविवारी, १४ जुलैला संध्याकाळी विन्हेरे आणि दिवाणखवटी या स्थानकांच्या मध्ये रुळांवर दरड आली. दिवसभर पाऊस कोसळत होता, खेडला जगबुडी नदी फुगलेली. कोकण रेल्वेचा हा भाग एकेरी मार्गाचा आहे. एका ठिकाणी माती आली की वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या सगळ्याच गाड्या जिथल्या तिथे. पावसाळी वेळापत्रक, त्या वर्षी १० जूनपासून लागू झालेले, गाड्यांचा वेग कमी करते, त्याने अपघात टळतात. डोंगर खाली यायचा थांबत नाही.

अण्णांचा फोन आला तेव्हा मागे टीव्हीचा आवाज मोठा होता. “अरे, गाड्या बंद झाल्या म्हणतात. आता काय करायचे? विमानाचे पैसे गेलेच समज.”

मी म्हटले, “अण्णा, आधी टीव्ही बंद करा.”

मग दोघांनी फोनवरच एकेक रस्ता तपासला. सोमवारच्या गाडीची वाट बघणे: मार्ग कधी मोकळा होईल हे त्या रात्री रेल्वेलाही सांगता येत नव्हते. एसटी: आषाढीसाठी पंढरपूरला जादा गाड्या गेलेल्या, आणि होत्या त्यांतल्या कितीतरी अडकलेल्या रेल्वे प्रवाशांना मुंबईकडे नेण्यात गुंतलेल्या. त्यात दोन मोठ्या बॅगा घेऊन उभे राहणे या वयात नको. तिसरा रस्ता भाड्याच्या गाडीने महामार्गावरून, परशुराम घाट, खेड, कशेडी, महाड, पनवेल. चौथा कुंभार्ली घाट चढून कराड, तिथून पुण्यावरून मुंबई. लांब पडतो, पण कशेडीशी त्याचा संबंध नाही. एक वाट बंद झाल्यावर दुसरी निवडताना मी हेच बघतो, की दुसरी त्याच डोंगरावरून, त्याच नदीवरून तर जात नाही ना. २०२१ च्या पुरात वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला, परशुराम घाटात दरडी आल्या आणि रेल्वेही थांबली, सगळे एकाच आठवड्यात. रेल्वे आणि महामार्ग हे दोन पर्याय दिसतात, पण पावसाच्या दृष्टीने ते जवळजवळ एकच.

पाचवा पर्याय पुतण्याने सुचवला: विमानच पुढे ढकलायचे. कंपनीकडे १९ तारखेला जागा दिसत होत्या, भाड्यातला फरक भरून. तो घाबरून म्हणत होता, त्याचे चूक नव्हते. पण हातात दोन दिवस असताना विमानाला हात लावायचा नाही असे माझे मत पडले, आणि अण्णांनी ते मान्य केले. त्याऐवजी एक वेळ ठरवली. मंगळवारी दुपारी बारापर्यंत ते कशेडीच्या किंवा कुंभार्लीच्या पलीकडे नसतील, तर मी कंपनीला फोन करून तारीख बदलणार. हा फोन विमान सुटण्याआधीच व्हायला हवा. न कळवता पहिला टप्पा चुकवला की बहुतेक कंपन्या त्या तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे रद्द करतात, परतीचे विमानसुद्धा. जाण्याचे चुकले म्हणून लोक हळहळत बसतात आणि येण्याचेही गेले हे त्यांना तीन महिन्यांनी कळते.

प्रवास विमा काढला होता, म्हणून त्याची पॉलिसीही त्याच रात्री वाचली. घरापासून विमानतळापर्यंतच्या खोळंब्यावर तिच्यात एक ओळ नव्हती.

सोमवारी पहाटे वाडीतल्याच एका मुलाची गाडी आली. त्याला सांगून ठेवले होते की चिपळुणात माझ्याकडे थांबायचे, मी तोवर खेड आणि पोलादपूरला ओळखीच्यांना फोन करून ठेवतो. महामार्ग चालू होता. कुंभार्ली धरायची वेळ आली नाही. काकूंनी दुकानाच्या पायरीवर बसून चहा घेतला आणि मला विचारले, “रेल्वेचे पैसे परत मिळतील ना रे?” विमानाच्या तिकिटाचे लाखभर पणाला लागलेले असताना त्यांना ते पाचशे-सहाशे रुपये आठवत होते. मिळाले. गाडी रेल्वेने रद्द केली तर ऑनलाइन तिकिटाची पूर्ण रक्कम आपोआप खात्यावर येते.

कशेडी ओलांडली, माणगावात नेहमीची कोंडी, इंदापूरच्या पुढे खड्डे, आणि काळोख पडल्यावर डोंबिवली. त्याच दिवशी संध्याकाळी रेल्वेमार्गही मोकळा झाला. पुतण्याने लगेच ऐकवले की मंगळवारी सकाळी रेल्वेने निघाले असते तरी पोचले असते. बरोबर आहे, बहुधा पोचले असते. पण हे सोमवारी रात्री म्हणता येते. रविवारी रात्री म्हणता येत नव्हते. मंगळवार मोकळा ठेवला होता तो रविवारच्या त्या अडाणीपणासाठी.

आता १९ जुलै. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे विंडोज संगणक बंद पडले आणि विमानतळांवर हाहाकार झाला. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळालाही चांगलाच फटका बसला. अण्णा-काकू तारीख बदलून १९ ला निघाले असते तर नेमके त्यात सापडले असते. गावात आता ही गोष्ट माझ्या हुशारीची म्हणून सांगितली जाते. तिचा हुशारीशी काही संबंध नाही. तो नशिबाचा भाग, आणि हिशेब करताना तो वेगळा काढून ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या वेळी माणूस भलत्याच गोष्टीवर विसंबतो.

एक बॅग आली, एक नाही

मुंबईहून विमान पावसामुळे उशिरा सुटले. मधल्या विमानतळावर हाताशी उरला जेमतेम तास. इथे अण्णांना न आवडलेली ती खुर्ची कामी आली. मदतनीस दोघांना रांगा टाळून पुढच्या दारापर्यंत घेऊन गेला. माणसे पोचली, एक बॅगही पोचली. दुसरी मागे राहिली.

स्खिपोलला पट्टा फिरून फिरून रिकामा झाला तेव्हा काकू रडवेल्या झाल्या होत्या असे अण्णा सांगतात. काकू सांगतात की अण्णा झाले होते. काय करायचे ते मात्र दोघांना माहीत होते. एका जाड कागदावर मराठीत आणि इंग्रजीत काही वाक्ये लिहून दिली होती. लेकीचा पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीची तारीख, आणि सगळ्यात खाली “माझी बॅग आली नाही, कृपया तक्रार नोंदवून घ्या.” तो कागद सामानाच्या काउंटरवर ठेवला. बॅगेचा फोटो अण्णांच्या मोबाइलमध्ये होता, टॅगची चिकटपट्टी बोर्डिंग पासच्या मागे. तक्रारीचा नंबर घेऊनच बाहेर पडले. बाहेर जावई वाट बघतोय म्हणून तसेच निघून गेले असते तर दाव्याची बाजू तिथेच लंगडी पडली असती.

हरवलेल्या बॅगेत काय होते? दोघांचे निम्मे कपडे, बाळंतिणीसाठी डिंक, सुंठ, बाळंतशोप, आमसुले, फणसपोळी आणि नातवासाठी शिवलेल्या गोधड्या. अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नव्हत्या. त्या तीन महिन्यांच्या, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत होत्या. बॅगा भरताना दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे वाटून घातले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी कोणालाच जावयाचा शर्ट घालावा लागला नाही.

खाण्याच्या वस्तूंवरून निघण्याआधी बरीच वादावादी झाली होती. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. म्हणजे घरचे तूप गेले, आणि तुपातले लाडूही मी नको म्हटले. डिंक न्या, तूप तिकडे विकत घ्या, लाडू तिथे वळा. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून सुटलेली फळे पाचच: अननस, केळी, खजूर, दुरियान आणि नारळ. हापूसला ती सूट नाही. मे २०१४ मध्ये तर युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्याची आयातच बंद केली होती, ती २०१५ मध्ये उठली. अण्णांना ते वर्ष चांगले आठवते, पेटीचा भाव पडला होता. सुक्या मासळीला ठरावीक वजनापर्यंत परवानगी आहे हे कळल्यावर काकूंचा चेहरा उजळला. सोडे नेलेही. ते पोचलेल्या बॅगेत होते, आणि जावयाची गाडी त्या वासातून पुढचे कित्येक दिवस बाहेर आली नाही.

बॅग १९ तारखेच्या विमानाने येणार असे कंपनीने कळवले. १९ तारीख म्हणजे तीच. बॅग २२ ला दारात आली.

मधल्या दिवसांत लेकीने कपडे, चपला, एक स्वेटर अशी जरुरीपुरती खरेदी करून बिले जपून ठेवली. उशिरा मिळालेल्या सामानाबद्दल विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार, सामान हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. सामान मोडून-फाटून आले असेल तर मुदत सातच दिवस. मी इथून इंग्रजी मजकूर करून दिला, तक्रारीचा नंबर, बिले आणि बँकेचा तपशील जोडला, आणि तो मेल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेला. जावयाच्या एका मित्राने विमान उशिरा आल्याबद्दल ६०० युरो मागायला सांगितले होते. युरोपचा तो भरपाईचा नियम युरोपातून सुटणाऱ्या सगळ्या विमानांना लागतो, पण बाहेरून युरोपात येणाऱ्या विमानाला फक्त कंपनी युरोपची असेल तरच. ही कंपनी आखातातली. शिवाय ते पोचले वेळेवरच. तो मुद्दा मेलमध्ये घातला नाही. खऱ्या मागणीला खोटी मागणी चिकटवली की दोन्हीचे उत्तर लांबते.

मुलगा २५ जुलैला झाला, तारखेच्या आधीच. डच पद्धतीप्रमाणे भेटायला येणाऱ्यांना टोस्टवर साखरेत घोळलेली बडीशेपेसारखी बी पसरून देतात. काकूंनी ते खाऊन बघितले आणि आपली बाळंतशोपेची पुडी काढून शेजारणीच्या हातावर ठेवली. तिथे बाळंतपणानंतर आठवडाभर घरी येऊन आई-बाळाची काळजी घेणारी प्रशिक्षित बाई मिळते, तिचे आणि काकूंचे तेल लावण्यावरून दोन दिवस मौन होते, मग जमले.

कंपनीचे उत्तर सप्टेंबरात आले. बिले असलेल्या वस्तूंचे पैसे त्यांनी दिले, बिल हरवलेल्या चपलांचे दिले नाहीत. ९ ऑक्टोबरचे विमान वेळेवर सुटले आणि दसऱ्याला दोघे घरी होते. खालचे दोन कुणगे चुलतभावाने गणपतीला आल्यावर बघितले, तोवर त्यात गवतच होते.

आता पुढच्या खेपेचे चालले आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी युरोपीय संघाने नियम सैल केला आहे. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरलेले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा मिळू शकतो. यांचा एक झाला. दुसऱ्यासाठी अण्णांनी आंबा, लावणी, गणपती, भातकापणी आणि शिमगा एवढे सगळे दिनदर्शिकेवर मांडून मला नोव्हेंबरअखेर ते जानेवारी ही पट्टी दाखवली. तेव्हा तिकडे कडाक्याची थंडी असते हे मी सांगितले. काकू म्हणाल्या, स्वेटर आहे की, त्याचे पैसेही कंपनीने दिलेत.